विष्ठेच्या दगडातलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा परिसरात मातीतून दगडी गोळे निघतात. डायनोसॉर युगाच्या अखेरीस कुणीतरी टाकलेली ही विष्ठा आहे. अशा अश्मीभूत विष्ठेला कॉप्रोलाइट म्हणतात. जीवाश्मांचे अभ्यासक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली या गोळ्यांतून चक्क गवत शोधून काढलं.

पान तर केव्हाच कुजून गेलं होतं. पण गवत मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषतं आणि ती पेशींमध्ये साठून घट्ट होते. साच्यात ओतल्यासारखा पेशीचा आकार तिला येतो. हे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, पोटातही विरघळत नाहीत आणि सहसा कुजतही नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आकारावरून वनस्पतीचं कुळ ओळखता येतं. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत किमान पाच प्रकारची गवतं निघाली. गवतात विविधता आली ती डायनोसॉर संपल्यावर, असं तोवर मानलं जाई. हा समज या गोळ्यांनी मोडला. ते बहुधा टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांचे असावेत. त्यांच्या आहारात गवताबरोबर इतरही बऱ्याच वनस्पती होत्या.

खरं तर शाकाहाऱ्यांची विष्ठा क्वचितच टिकते. मांसाहाऱ्यांच्या विष्ठेत हाडांमधलं फॉस्फेट भरपूर असतं आणि ती लवकर गाळाखाली गाडली गेली, तर त्या फॉस्फेटमुळेच तिचा दगड होतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात सापडलेला, 1998 साली जाहीर झालेला 44 सेंटीमीटर लांबीचा गोळा बहुधा टायरॅनोसॉरस या महाकाय मांसाहारी डायनोसॉरचा आहे. तो हाडांच्या चुऱ्याने भरलेला आहे. म्हणजे हा प्राणी भक्ष्याची हाडंही फोडून गिळत होता. नुसत्या दातांवरून एवढं खात्रीने सांगणं अवघडच होतं.

तरी विष्ठा नेमकी कुणाची, हे ठरवणं हा या अभ्यासातला सर्वांत कठीण भाग. आकार, वय, आतलं अन्न आणि त्याच थरातली हाडं असे सगळे पुरावे जुळवूनही उत्तर बहुधा 'असावा' असंच येतं.

आत काय आहे ते पाहण्यासाठी मात्र आता प्रत्येक गोळा कापावा लागत नाही. पोलंडमधल्या सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वीच्या एका कॉप्रोलाइटचं शक्तिशाली क्ष-किरणांनी स्कॅनिंग केलं, तेव्हा आत जेमतेम दीड मिलिमीटरचे भुंगेरे दिसले. काहींचे पाय आणि मिशासुद्धा शाबूत होत्या. 2021 साली त्यांची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. कीटकांचे इतके बारकावे सहसा झाडाच्या अश्मीभूत राळेतच मिळतात. त्यामुळे जिथे अशी राळ सापडत नाही, तिथल्या प्राचीन कीटकांचा शोध आता विष्ठेतही घेता येईल.