तरतूद वेगळी, राखीव निधी वेगळा

यवतमाळकडं पतसंस्थांचे हिशोब लिहितो मी, आणि दरवर्षी आमसभेत तेच. ताळेबंद वाचून झाला की मागून कोणीतरी उठतेच, "राखीव निधी एवढा हाय, मंग बुडीत कर्जाची तरतूद आणखीन कशाले? आमचा डिव्हिडंड काहून खाता?"

राखीव निधी सगळ्यांना माहीत आहे. सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 66, निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा तिकडं जातो. झालं.

घोळ सगळा "तरतूद" ह्या शब्दाचा. पेपरात वाचतो "रस्त्यासाठी 20 लाखांची तरतूद", ग्रामपंचायतीच्या बजेटातही तोच शब्द, तिथं त्याचा अर्थ खर्चाला पैसे मंजूर झाले. हिशोबातली तरतूद म्हणजे समोर दिसत असलेलं नुकसान आजच कबूल करणं. तिजोरीतला एक रुपयाही इकडचा तिकडं होत नाही.

समजा वर्षाचा नफा 8 लाख दिसतो, पण दिलेल्या कर्जांत 5 लाखांचं एक असं आहे की कर्जदार गाव सोडून पुण्याला गेला, फोन लागत नाही, जामीनदारानं हात वर केले. पूर्ण तरतूद केली तर नफा उरतो 3 लाख, राखीवमध्ये 75 हजार. नाही केली तर नफा 8 लाख, राखीवमध्ये 2 लाख, लोकं खूश की राखीव वाढला, आणि उरलेल्या 6 लाखांतून डिव्हिडंड वाटायला मोकळे. पण 5 लाख तर येणारच नाहीत, मग वाटले ते कोणाचे? जिनं तूर विकून पोरीच्या लग्नासाठी ठेव ठेवली तिचे. ह्यावर मी आमसभेत आवाज चढवतो आणि चढवत राहीन.

म्हणजे तरतूद नफा ठरायच्या आधी, राखीव नफा ठरल्यावर. म्हणूनच तोट्याच्या वर्षी राखीवात टाकायला काही नसते, तरतूद मात्र करावीच लागते, आणि बोंडअळी नाहीतर ओला दुष्काळ आला की कर्ज थकतात ती नेमकी त्याच वर्षी.

कापसाच्या व्यापाऱ्याला हे लवकर कळते. 7,000 रुपये क्विंटलनं घेतलेला कापूस 31 मार्चला विकला तर 6,500 च हातात येणार असतील, तर साठा 6,500 नंच लिहायचा. भाव 7,500 झाला तरी पुस्तकात 7,000 च. दिसणारा तोटा आजच लिहायचा, हाती न आलेला नफा नाही, ह्यालाच सावधगिरीचं तत्त्व म्हणतात.

उलटा प्रकारही मला अजिबात चालत नाही, चांगल्या वर्षी मुद्दाम जास्तीची तरतूद करून नफा दडवायचा आणि वाईट वर्षी हळूच बाहेर काढायचा. हिशोबाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळानं ह्याच भीतीनं 2010 मध्ये सावधगिरीचं तत्त्व आपल्या नियमांच्या पायाभूत चौकटीतून काढलं होतं, 2018 मध्ये परत घेतलं तेव्हा स्पष्ट लिहिलं की उत्पन्न कमी दाखवणं ह्यात बसत नाही.

आमसभेत डिव्हिडंड विचारायच्या आधी थकबाकीची यादी मागा, कोणतं कर्ज कधीपासून थकलं आणि त्यापुढं तरतुदीच्या रकान्यात किती आकडा आहे ते एकेक ओळ बोट ठेवून पाहा.