डोरियन आले, परतले की इथेच होते?

ग्रीसच्या प्राचीन इतिहासावरचे कोणतेही जुने पाठ्यपुस्तक उघडा, 'डोरियन आक्रमण' सापडतेच. उत्तरेकडून उतरलेली एक राकट टोळी, हातात लोखंडी तलवारी, जळणारे राजवाडे आणि त्यानंतर तीनचारशे वर्षांचा अंधार. चित्र इतके ठसठशीत आहे की ज्यांची ही गोष्ट, ते लोक तिला काय म्हणत होते हे विचारायचे राहूनच जाते. ते 'आक्रमण' म्हणत नव्हते. त्यांचा शब्द होता 'काथोदोस', म्हणजे परत येणे. हद्दपार झालेला माणूस घरी परततो, त्यासाठीही हाच शब्द. आणि परतणारे डोरियन नव्हतेच मुळी. परतत होते ते हेराक्लीसचे, म्हणजे दंतकथेतल्या महाबली हर्क्युलीसचे वंशज. डोरियन त्यांच्या बरोबर आले होते.

शब्दांचा हा घोळ इथूनच सुरू होतो, आणि गेली दोनशे वर्षे तो सुटलेला नाही.

दंतकथेपुरते बोलायचे तर डोरियनांचा पहिला नाव घेण्याजोगा राजा एगिमिअस. त्याच्या आधीचा डोरस हा केवळ वंशावळीत जागा भरायला आहे: हेलेन हा साऱ्या हेलेनिक लोकांचा मूळपुरुष, त्याचे मुलगे डोरस, झूथस आणि इओलस, झूथसचे मुलगे आयॉन आणि आकायस. टोळी तितके पुरुष, असा सरळ हिशेब. (इसवीसनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सच्या एका नाटककाराने हा हिशेब उलटा केला. त्याच्या नाटकात आयॉन अपोलो देवाचा मुलगा ठरतो आणि डोरस त्याचा धाकटा, मानवी बापाचा सावत्र भाऊ. तेव्हा अथेन्स आणि डोरियन स्पार्टा यांचे युद्ध चालू होते, हे सांगायला नकोच.)

एगिमिअसचे राज्य उत्तरेत, थेसलीच्या बाजूला. शेजारच्या लापिथ टोळीने, तिच्या कोरोनस नावाच्या राजाने, त्याची जमीन घेरली. एगिमिअसने हेराक्लीसला बोलावले आणि बदल्यात तिसरा हिस्सा कबूल केला. हेराक्लीसने लापिथांना हाकलले, पण हिस्सा घेतला नाही. माझ्या वंशजांसाठी ठेव, म्हणाला. पुढे एगिमिअसने हेराक्लीसचा मुलगा हिलस याला दत्तक घेतले. एगिमिअसचे स्वतःचे मुलगे दोन, डिमास आणि पँफिलस. या तिघांच्या नावाने डोरियनांची तीन कुळे झाली: हिलेइस, डिमानेस आणि पँफिलोइ. तिसऱ्या नावाचा अर्थच मुळी 'सर्व कुळांचे'. म्हणजे ज्या टोळीला पुढे शुद्ध रक्ताचा नमुना म्हणून मिरवले गेले, तिच्या एका कुळाचे नाव मिसळ सांगते, तर दुसरे दत्तकपुत्राच्या नावाने चालते.

ही तीन कुळे मात्र नुसती गोष्टीतली नाहीत. स्पार्टा, आर्गोस, सिकिऑन अशा नगरांत सैन्याची आणि नागरिकांची विभागणी याच नावांनी होत असे. सिकिऑनचा हुकूमशहा क्लाइस्थेनीस इसवीसनपूर्व सहाव्या शतकात आर्गोसवर इतका चिडला की त्याने आपल्या शहरातल्या डोरियन कुळांची नावेच बदलली. एक झाले डुकरवाले, दुसरे गाढववाले, तिसरे पिलूवाले, म्हणजे डुकराच्या पिलाचे. स्वतःच्या कुळाला तेवढे त्याने 'लोकांचे राज्यकर्ते' असे नाव दिले. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हीच नावे चालू राहिली. डुकरवाले म्हणून जन्मून डुकरवाले म्हणूनच मेलेली पिढी तिथे असणार.

आता परतण्याची गोष्ट. हेराक्लीसचे घराणे मूळचे दक्षिणेतले, आणि त्याच्या मुलांना तिथून हाकलले गेले होते. हिलसने देवाला कौल लावला. उत्तर मिळाले, तिसऱ्या पिकापर्यंत थांब. तो तीन वर्षे थांबला आणि कोरिंथच्या चिंचोळ्या पट्टीवरून दक्षिणेत, पेलोपनीज द्वीपकल्पात उतरला. तिथे टेगियाचा राजा एकेमस त्याच्याशी द्वंद्वाला उभा राहिला आणि हिलस मारला गेला. ठरल्याप्रमाणे हेराक्लीसचे वंशज शंभर वर्षे परत येणार नव्हते. पन्नास वर्षे असाही एक पाठ आहे. नंतर उलगडा झाला की 'पीक' म्हणजे शेतातले पीक नव्हे, पिढी. कौलाला दोष देता येत नाही. ऐकणाऱ्याची चूक.

तिसऱ्या पिढीत टेमेनस, क्रेस्फॉन्टीस आणि ॲरिस्टोडेमस हे तीन भाऊ निघाले. नौपाक्टसला त्यांनी जहाजे बांधली. नवा कौल होता की वाटाड्या तीन डोळ्यांचा हवा. ऑक्सिलस नावाचा माणूस त्यांना वाटेत भेटला. तो एकाक्ष होता आणि घोड्यावर बसला होता, म्हणजे डोळे तीन. (दुसऱ्या पाठात माणसाचे डोळे शाबूत आहेत, एक डोळा गेलाय तो खेचराचा.) ओरेस्टीसचा मुलगा टिसामेनस हा तिथला शेवटचा जुना राजा. तो हरला, आणि वाटणीची वेळ आली.

या वाटणीतच कथेचे खरे काम आहे. पाण्याने भरलेल्या घागरीत प्रत्येकाने आपली खूण टाकायची. पहिली निघेल त्याला आर्गोस, दुसरीला स्पार्टा, शेवटच्याला मेसेनिया. मेसेनियाची जमीन सगळ्यांत सुपीक. बाकीच्यांनी खडे टाकले, क्रेस्फॉन्टीसने मातीचे ढेकूळ टाकले. ढेकूळ विरघळले, हाताला खडेच लागले आणि मेसेनिया त्याच्या पदरात पडला. ॲरिस्टोडेमस तोवर वारला होता, म्हणून स्पार्टा त्याच्या जुळ्या मुलांकडे गेले. तिथे नेहमी दोन राजे का, याचे उत्तरही इथेच. ही गोष्ट कोणाच्या सोयीची, हे उघड आहे. स्पार्टाने इसवीसनपूर्व आठव्या शतकात मेसेनिया जिंकला आणि तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शेतावर राबवले. पहिली वाटणीच लबाडीची होती म्हटले, की बळकावणे हे न्याय मिळवणे ठरते.

राजाला वंशावळ लागते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. स्पार्टाचे राजे स्वतःला डोरियन म्हणवत नसत, हे मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. इसवीसनपूर्व ५०८ मध्ये राजा क्लिओमेनीस अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर, म्हणजे देवळांच्या टेकडीवर चढला. अथीनाच्या देवळाच्या दारात पुजारीण आसनावरून उठून म्हणाली, मागे फिर, डोरियनाला इथे प्रवेश नाही. त्याने उत्तर दिले, "बाई, मी डोरियन नाही, आकायन आहे." दंतकथेनुसार त्याचे बरोबरच होते. हेराक्लीस जुन्या आकायन राजघराण्यातला. डोरियन ही त्याच्या वंशजांची प्रजा आणि फौज. मॅसिडोनियाचे राजेसुद्धा टेमेनसच्या घराण्यातले म्हणून ऑलिंपियाच्या स्पर्धांत शिरले.

दंतकथेतल्या राजांची नावे रणांगणावरही कामाला येत. इसवीसनपूर्व ४७९ मध्ये प्लाटियाला पर्शियन फौज समोर उभी असताना सैन्याची एक बगल कोणी सांभाळायची, यावर टेगिया आणि अथेन्स यांच्यात वाद झाला. टेगियाचे म्हणणे, आमच्या एकेमसने हिलसला मारले, तेव्हापासून हा मान आमचा. अथेन्सचे म्हणणे, हेराक्लीसच्या अनाथ मुलांना साऱ्यांनी दारातून हाकलले तेव्हा आम्हीच आसरा दिला. शिवाय पर्शियनांना हरवलेली मॅरेथॉनची लढाई आहेच. मान अथेन्सला मिळाला.

आणखी एक नोंद तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, झँथसच्या देवस्थानात दगडावर कोरलेली आहे. इसवीसनपूर्व २०६ च्या सुमारास डोरिस या छोट्या, गरीब डोंगरी प्रदेशातल्या किटिनिअन गावाचे दूत तिथे आले. तटबंदी पडली होती, पैसे हवे होते. त्यांनी देव, वीर आणि हेराक्लीसचे वंशज यांच्यामार्गे दोन्ही गावांचे नाते लावून दाखवले. झँथसकरांनी नाते मान्य केले, पण तिजोरी रिकामी होती. मग कर्ज काढून त्यांनी ५०० ड्राक्मा, म्हणजे चांदीची नाणी दिली. शहराच्या भिंतीसाठी ही रक्कम म्हणजे दक्षिणाच. पण नऊशे वर्षांपूर्वीच्या नातलगाला रिकाम्या हाती पाठवायचे नाही, एवढी शरम दंतकथेने शाबूत ठेवली होती.

नऊशे वर्षे हा त्यांचाच हिशेब. इतिहासकार थ्युसिडिडीझ लिहितो की ट्रॉय पडल्यावर ऐंशीव्या वर्षी डोरियनांनी हेराक्लीसच्या वंशजांसह पेलोपनीज घेतले. अलेक्झांड्रियाच्या कालगणकांनी ट्रॉयचे साल इसवीसनपूर्व ११८४ धरले, म्हणजे परतीचे ११०४. गंमत अशी की होमरच्या काव्यात डोरियन फक्त एकदा येतात, तेही क्रीट बेटावर, पाच लोकांच्या यादीत. तिथे त्यांना लावलेल्या विशेषणाचा अर्थ 'तीन कुळांचे' की 'केस उडवणारे', यावरही एकमत नाही.

'आक्रमण' आले ते १९व्या शतकात. १८२४ मध्ये एका तरुण जर्मन प्राध्यापकाने डोरियनांवर मोठा ग्रंथ काढला. प्रत्येक टोळीचा एक स्वभाव असतो, आणि डोरियनांचा म्हणजे शिस्त, संयम आणि अपोलोची भक्ती, असे त्याचे म्हणणे. तो वंशवादी नव्हता. पुढे ग्रीसमध्येच उन्हातान्हात शिलालेख उतरवताना आजारी पडून वारला आणि अथेन्सजवळच्या टेकडीवर पुरला गेला. जर्मनमध्ये रूढ झालेला शब्द होता 'वाँडरुंग', म्हणजे भटकंती किंवा स्थलांतर. रोमच्या ऱ्हासकाळातल्या जर्मन टोळ्यांच्या हालचालींनाही हाच शब्द लावतात. इंग्रजीत त्याचे 'इन्व्हेजन' झाले. हा बदल मला किरकोळ वाटत नाही. परतणाऱ्याकडे हक्क असतो, भटकणाऱ्याकडे गुरेढोरे, आणि आक्रमकाकडे तलवार. शब्द बदलला की उत्खननात काय शोधायचे तेही बदलते. आर्य 'आले' की 'चालून आले' या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल.

१८७६ मध्ये पेलोपनीजमधल्या मायसीनी या प्राचीन राजधानीच्या थडग्यांतून सोने निघाले, आणि पुढे दिसून आले की इसवीसनपूर्व १२०० च्या आसपास दक्षिण ग्रीसमधले राजवाडे एकामागून एक जळाले. ११०४ शी जुळवून घ्यायला हे पुरेसे जवळचे होते. झाले, आक्रमकांचा पुरावा सापडला! मग त्यांच्या पाऊलखुणा शोधणे सुरू झाले. लोखंड, प्रेतदहन, नव्या घडणीची तलवार, हाताने घडवलेली ओबडधोबड भांडी, भौमितिक नक्षी. एकेक खूण गळत गेली. त्या तलवारी राजवाडे उभे असतानाच वापरात होत्या. दहन आणि नक्षीची नवी भांडी ठळकपणे दिसतात ती अथेन्समध्ये, म्हणजे जिथे डोरियन पोचलेच नाहीत असे अथेन्सकर अभिमानाने सांगत. आणि मेसेनियात तर राजवाडा जळाल्यावर वस्त्याच ओस पडल्या. जिंकलेली सुपीक जमीन रिकामी सोडणारा विजेता हा अजब प्रकार.

खणणाऱ्यांचे हात असे रिकामे राहिले, तरी शब्द जोरात होता. नाझी राजवटीत डोरियन म्हणजे उत्तरेकडच्या नॉर्डिक वंशाची शाखा, असे सर्रास शिकवले गेले. ३० जानेवारी १९४३ ला, स्टालिनग्राडमधली जर्मन फौज शेवटच्या घटका मोजत असताना, राजवटीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या नेत्याने रेडिओवरून थर्मापिलीच्या खिंडीत पर्शियनांशी लढत शेवटच्या माणसापर्यंत मेलेल्या स्पार्टनांचा दाखला दिला. युद्धानंतर या विषयाला हात लावताना अभ्यासक बिचकू लागले, ते उगाच नव्हे.

१९५२ मध्ये राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी वाचली गेली. भाषा ग्रीकच निघाली, आणि वादाला नवे वळण लागले. 'त्यांच्याकडे आहे' यासाठी पाट्यांवर 'एखोन्सि' आहे, डोरियन बोलीत 'एखोन्ति'. यातला 'ति' जुना: डोरियन 'फेरोन्ति', संस्कृत 'भरन्ति'. 'ति'चा 'सि' होतो, उलटे होत नाही. तेव्हा डोरियन बोली पाट्यांच्या बोलीतून निघालेली नाही. ती तेव्हाही कुठेतरी वेगळी बोलली जात होती. कुठे? एका पक्षाचे उत्तर जुनेच, उत्तरेत, पिंडस पर्वताकडे. १९७६ मध्ये, पाट्या वाचण्याच्या कामात वाटा असलेल्या एका भाषातज्ज्ञाने दुसरे उत्तर दिले: त्याच राजवाड्यांच्या सावलीत. पाट्यांवरची भाषा कारकुनांची आणि दरबाराची. डोरियन म्हणजे खाली राबणारी रयत. राजवाडे जळाले, दरबारी बोली गेली, रयतेची उरली. कोणी आले नाही, कोणी परतले नाही. फार थोड्यांना हे पटले, पण 'आक्रमण' हा शब्द त्यानंतर अवतरणचिन्हांत गेला. आजचे बहुतेक अभ्यासक लहान लहान गटांच्या, पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हालचालींवर भर देतात.

पेलोपनीजच्या पूर्व किनाऱ्यावर लिओनिदिओच्या परिसरात त्साकोनियन नावाची बोली अजून ऐकू येते. बोलणारे थोडे, त्यातही बहुतेक म्हातारे. आजची ग्रीक भाषा ज्या सामाईक बोलीतून आली तिच्यातून ही आलेली नाही. स्पार्टाच्या डोरियन बोलीशी तिची नाळ जुळते. इतर ग्रीक आईला 'मितेरा' म्हणतात, इथले लोक 'माती'. हा 'आ' ऐकून पाहुणे हरखतात, डोरियनांचा आवाज ऐकला म्हणतात. पण मेसेनियातल्या पिलॉसच्या राजवाड्यातल्या पाट्यांवरही आईला 'मा-ते' असेच लिहिले आहे.