प्रतिमा-विलीनीकरण (जावास्क्रिप्ट)

दोन किंवा अधिक चित्रे प्रोग्रॅमच्या साहाय्याने एकावर एक ठेवून त्यांचे एकच चित्र करण्याची क्रिया. सणाच्या चौकटीत आपला फोटो बसवून देणारी वेबपाने हेच करतात. ब्राउझरमध्ये त्यासाठी कॅनव्हास हा घटक, म्हणजे वेबपानावरची चित्र काढण्याची जागा, वापरतात. ‘मर्ज-इमेजेस’ ही या कामासाठीची जावास्क्रिप्टमधली एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे.

तिला चित्रांची यादी द्यायची. समजा धड, डोळे आणि तोंड अशा तीन पीएनजी (पारदर्शक भाग ठेवता येणाऱ्या) फायली आहेत. यादीत आधी असेल ते तळाला, नंतरचे वर. डोळे चुकून पहिले लिहिले, तर ते धडाखाली झाकले जातात. प्रत्येक थराची जागा (एक्स, वाय) आणि अपारदर्शकता वेगळी ठरवता येते. मापे दिली नाहीत, तर सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच चित्रांवरून कॅनव्हासचा आकार ठरतो.

रंगवण्याचे काम ब्राउझरच करतो. लायब्ररीचे खरे मोल ती थांबते यात आहे. मागवलेली चित्रे त्याच क्रमाने उतरतील याची खात्री नसते. येईल ते चित्र लगेच काढत गेलो, तर डोळ्यांची हलकी फाईल आधी पोचते आणि मागून आलेले धड तिच्यावर बसते. स्वतः कोड लिहिणाऱ्याला ही चूक फार छळते, कारण ती कधी दिसते, कधी नाही. म्हणून सगळी चित्रे हाती येईपर्यंत प्रॉमिसवर (काम पुरे झाले की कळवणारी जावास्क्रिप्टमधली सोय) थांबायचे आणि मगच यादीप्रमाणे थर चढवायचे.

थर मिसळण्याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडले. तेव्हा ते लुकासफिल्म या चित्रपट कंपनीत होते. खालच्या अपारदर्शक पिक्सेलचे मूल्य १००, वरच्याचे २०० आणि वरच्याची अपारदर्शकता ०.५ असेल, तर निम्मे-निम्मे घेऊन १५० मिळतात. कॅनव्हास एरवी हीच ‘सोर्स-ओव्हर’ रीत वापरतो.

तयार चित्र बेस६४ मजकुराच्या, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेल्या फाईलच्या, रूपात मिळते. तो मूळ फाईलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठा असतो, त्यामुळे मोठ्या फोटोंना ही पद्धत जड जाते. निकाल जेपीईजीत मागितला, तर पारदर्शक भाग काळा होतो.

दुसऱ्या संकेतस्थळावरचे चित्र तिथल्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय वापरले, की कॅनव्हास ‘दूषित’ ठरतो. चित्र पडद्यावर दिसते, पण ब्राउझर ते बाहेर काढू देत नाही.