भाजीपाला पिकांतील मित्रकीटक व कीटकनाशके

पिकावरील किडींना खाणारे, त्यांच्या शरीरात वाढणारे आणि परागीभवन करणारे कीटक मित्रकीटक म्हणून ओळखले जातात. ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक) व सिरफिड माशीच्या अळ्या परभक्षी, ट्रायकोग्रामासारख्या सूक्ष्म गांधीलमाश्या परोपजीवी, तर मधमाश्या परागवाहक. किडीसाठी फवारलेले औषध यांनाही बाधते. परोपजीवी गांधीलमाश्यांना तर अनेकदा किडीपेक्षा जास्त.

पायरेथ्रॉइड, ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील औषधे मित्र-शत्रू असा भेद करत नाहीत. मात्र फवारणीतून वाचलेला मावा नराविना थेट पिले देतो व ती आठ-दहा दिवसांत वयात येतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन-चार आठवडे लागतात. त्यामुळे कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते. यालाच पुनरुद्रेक म्हणतात. एरवी नगण्य असलेली नागअळी किंवा लाल कोळीही अशा वेळी डोके वर काढते.

परोपजीवीग्रस्त मावा फुगून सोनेरी-तपकिरी होतो व पानाला चिकटून राहतो. त्या कडक कवचात वाढणाऱ्या गांधीलमाशीला फवारणीची झळ कमी लागते. पण गोल भोक कुरतडून बाहेर पडताना कवचावरचे औषध तिच्या तोंडात जाते.

फवारणीनंतर ढालकिडे जिवंत दिसले म्हणजे औषध निर्धोक, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. नोव्हाल्युरॉनसारख्या वाढरोधकाने प्रौढ सहसा मरत नाहीत, पण अंडी उबत नाहीत व अळ्यांना कात टाकता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेची वर्गवारी निव्वळ मृत्यू मोजत नाही, प्रजननही पाहते: प्रयोगशाळेत मित्रकीटकाच्या उपयुक्ततेत ३० टक्क्यांहून कमी घट झाल्यास औषध निरुपद्रवी, ९९ टक्क्यांहून अधिक झाल्यास घातक.

निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडात शोषली जाऊन सर्व भागांत पसरतात. बीजप्रक्रियेतून किंवा मुळाशी दिले तरी त्यांचा अंश मधुरस व परागकणांत उतरतो. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन व थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली.

जैविक उगमाचे औषध सौम्यच असते, असेही नाही. बीटीचा (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या औषधाचा) मारा बहुतांशी पतंगवर्गीय अळ्यांपुरता राहतो. स्पिनोसॅड हे जिवाणूपासूनच मिळणारे औषध मात्र ओले असताना मधमाश्यांना मारते आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना तर वाळल्यावरही. तांबड्या भोपळ्याची फुले पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात, म्हणून तेथे फवारणी संध्याकाळी करतात. रात्री उमलणाऱ्या दुधी भोपळ्याला हे वेळापत्रक लागू पडत नाही.