भूमिज शिखर कसं बघावं

सिन्नरचं गोंदेश्वर, झोडग्याचं माणकेश्वर, अंबरनाथचं शिवमंदिर. काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की आपण 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. पण अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ज्याच्या नावावरून 'हेमाडपंती' म्हणतात, तो हेमाद्री पंडित त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. या तिन्ही देवळांची शिखरं भूमिज जातीची आहेत.

चार दिशांना पायथ्यापासून वर चढत गेलेले चार पट्टे म्हणजे लता. त्यांवर गवाक्षांची, म्हणजे छोट्या खिडक्यांसारख्या नक्षीची, नाजूक जाळी कोरलेली असते. दोन लतांच्या मधल्या भागात कूटस्तंभ एकावर एक उभे असतात: आखूड खांब आणि त्याच्या डोक्यावर इवलंसं शिखर. त्यांची एक आडवी रांग म्हणजे एक भूमी. भूमींची संख्या सहसा विषम असते. मध्य प्रदेशातल्या उदयपूरच्या उदयेश्वराला सात आहेत.

तलविन्यास, म्हणजे देवळाचा जमिनीवरचा आराखडा, तारकाकृती असेल तर कूटस्तंभांच्या उभ्या ओळी मोजाव्यात. एकाच केंद्राभोवती चौरस १५ अंशांनी फिरवत सहा वेळा आखला की २४ टोकं मिळतात. चार टोकं लतांच्या जागी जातात, उरलेली २० चार भागांत वाटली की प्रत्येकी पाच. म्हणजे दोन लतांमध्ये पाच ओळी दिसल्या, तर मूळ आखणी बहुधा २४ टोकांची.

वरच्या प्रत्येक भूमीचे कूटस्तंभ खालच्यापेक्षा लहान घडवलेले असतात. त्यामुळे शिखर आहे त्याहून उंच भासतं. दुरुस्तीत मात्र हाच प्रकार डोकेदुखी होतो, कारण तिसऱ्या भूमीचा निखळलेला दगड चौथीत बसत नाही.

बाहेरून मजले दिसले तरी आत मजले नाहीत. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत पोकळी मिटवत नेलेली असते. खरी कमान नाही. सुटा दगड निम्म्याहून जास्त पुढे काढला तर कलंडतो, म्हणून त्याच्या मागच्या टोकावर वरच्या थरांचं वजन लागतं. हे वजन हललं की पडझड सुरू होते. सांध्यांत पाणी मुरतं, दगड जोडणारी लोखंडी अडक गंजून फुगते आणि दगड तडकतो. पिंपळाचं तर विचारूच नका. नुसता शेंडा छाटला तर तो पुन्हा फुटतो, आणि जाड मूळ उपटायला जावं तर सोबत दगडही येतात. रोप कोवळं असतानाच मुळासकट काढणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.