झिरो माईल आणि देशाचा मध्य

‘नागपूरचा झिरो माईल म्हणजे भारताचा बरोबर मध्य, देशातली सगळी अंतरं इथूनच मोजली जातात.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तिथला खांब आणि चार घोडे पाहिले की कुणालाही ते पटावं, असाच थाट आहे.

पण नकाशा काढून बघा. मुख्य भूमी ८°४′ ते ३७°६′ उत्तर आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व अशी पसरली आहे. दोन्हींची सरासरी घेतली की साधारण २२°३५′ उत्तर, ८२°४६′ पूर्व येते, म्हणजे छत्तीसगड. नागपूर २१°९′, ७९°५′ वर. सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर लांब. मध्य काढायच्या इतर पद्धतींनी बिंदू सरकतो, हे मान्य.

अंतरांचं म्हणाल तर खांबच वाचा. त्यावर मैलांत कोरलेली नावं मोजकी: कवठा, चांदा, छिंदवाडा, सिवनी, जबलपूर, हैदराबाद (३१८ मैल) वगैरे. दिल्ली, मुंबई, कोलकाता नाहीत. महामार्गाचे किलोमीटर तर त्या-त्या रस्त्याच्या आरंभापासून मोजतात.

या जागेचं खरं महत्त्व उंचीत आहे. ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाचा हा पक्का उंचीदर्शक बिंदू, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर.