वासराच्या वाटणीचं दूध कुठल्या रकान्यात जातं?

मध्यंतरी पलूस-तासगाव भागातल्या एका ग्रुपवर एक टेबल फिरत होतं. कुठल्या देशात किती दूध निघतं, किती विकलं जातं, आणि त्यातच एक रकाना ‘फीड’, म्हणजे जनावरांना घातलेलं दूध. झालं, लोक सुटलेच, माणसाला प्यायला दूध नाही आणि ही मंडळी जनावरांना पाजतायत वगैरे वगैरे. अरे बाबांनो, ते जनावर म्हणजे वासरू, त्याच्यामुळंच तर गाय दुधाला आली. पण चिडाचिड सोडली तर त्या रकान्यात खरंच एक गंमत आहे.

एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाची अन्न आणि शेती संघटना, दूध मोजताना एक नियम लावते. वासरानं सडाला तोंड लावून प्यालेलं दूध उत्पादनात धरायचंच नाही. तेच दूध पिळून बादलीनं पाजलं तर मात्र धरायचं. आता आपल्याकडचा कुठलाही गोठा घ्या, दावणीला एक म्हैस आणि एक एचएफ, म्हणजे होल्स्टीन गाय. म्हैस रेडकू सोडल्याशिवाय पान्हा घालत नाही, म्हणून आधी रेडकू सोडायचं, त्यानं चार ढुशा मारल्या, सड भरले की मान धरून ओढून खुंट्याला बांधायचं आणि धार झाल्यावर उरलंसुरलं परत त्याला. रेडकानं प्यालेलं हे सगळं दूध कागदावर शून्य. शेजारची एचएफ मशीनवर, तिचं वासरू पहिल्या दिवसापासून लांब बांधलेलं, त्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन लिटर बादलीनं. हे चार लिटर मात्र ‘फीड’मध्ये. म्हणजे वासरं सडावरून बादलीवर आली की देशाचा आकडा चढणार, मग वासराच्या पोटात एक थेंबही जास्त गेला नाही तरी! त्यामुळं नुसता चढता आकडा बघून कुणी जनावरांचे लाड होतायत म्हणालं तर दोन मिनिटं थांबा.

बरं, सड आणि बादली यात वासराला काय फरक पडतो? हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळं जरा लांबण लागेल.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात हे शाळेत झालंय. मोठ्या गाईत पहिला कप्पा, कोटीपोट, अवाढव्य असतो, वैरण आंबवायची टाकीच ती. नवजात वासराचं कोटीपोट मात्र एवढंसं आणि बिनकामाचं. त्याच्या अख्ख्या पोटाचा निम्म्याहून मोठा भाग म्हणजे चौथा कप्पा, आपल्यासारखं आम्ल सोडणारं खरं जठर. अडचण अशी की अन्ननलिका उघडते कोटीपोटाच्या तोंडाशी, आणि दूध तिथं पडलं की आंबणार, पोट फुगणार, वासरू हगवणीला लागणार. यावर शरीरात सोय काय आहे बघा. अन्ननलिकेच्या तोंडापासून तिसऱ्या कप्प्यापर्यंत आतल्या भिंतीवर एक खाच असते, दोन्ही बाजूंना स्नायूंच्या जाड कडा. वासरू चोखायला लागलं की तोंडातल्या आणि घशातल्या नसांवरून मेंदूकडं निरोप जातो, तिथून व्हेगस नावाच्या, मेंदूतून पोटाकडं येणाऱ्या नसेतून हुकूम परत येतो, कडा आवळून एकमेकींवर बसतात आणि खाचेची नळी होते. दूध पहिले दोन कप्पे चुकवून थेट पुढं. रोजच्या सवयीचं वासरू तर नुसती बाटली दिसली तरी खाच आवळायला लागतं, पाव्हलॉवनं कुत्र्यावर दाखवलेला सवयीचा रिफ्लेक्स तो हाच.

चौथ्या कप्प्यात कायमोसिन नावाचं एन्झाइम तयारच असतं. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, त्याच्या कणांवर कप्पा-केसीनची (हा ग्रीक अक्षरातला कप्पा, पोटातला नव्हे) केसाळ झालर असते, तिच्यामुळं कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहतं. कायमोसिन कप्पा-केसीनच्या साखळीतला १०५ आणि १०६ नंबरच्या अमिनो आम्लांमधला एकच बंध तोडतं, बाकी कशाला फारसा हात लावत नाही. झालर गळते, कण कॅल्शियम धरून एकमेकांना चिकटतात आणि दहाएक मिनिटांत घट्ट दही. पाणी, लॅक्टोज आणि उरलेली प्रथिनं पुढं आतड्यात, दह्याचा गोळा मागं, तो तासन् तास हळूहळू पचतो. डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा की दूध जागेवर पोचलं आणि तिथं फाटलं तरच अंगी लागतं.

बादलीनं पाजलं तरी खाच बहुतेक वेळा बंद होते. पण गारढोण दूध, मान खाली घालून घटाघटा पिणं, रोज वेगळी वेळ, यानं गडबड होते. म्हणून निपलवाली बादली जरा उंचावर टांगावी आणि दूध अंगाइतकं कोमट द्यावं, ३८-३९ अंश. नळी घालून पाजलं तर चोखणंच नाही, मग खाच उघडीच राहते.

आणि चीक. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ हे आटपाडी-जतपासून माण-खटावपर्यंत अजून ऐकू येतं. गाईच्या वारेतून अँटिबॉडी वासराकडं जातच नाहीत, ते जवळपास कोऱ्या रक्तानं जन्माला येतं. चिकातल्या अँटिबॉडी अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात घ्यायला आतड्याची दारं साधारण चोवीस तास उघडी असतात आणि पहिल्या तासापासूनच बंद व्हायला लागतात. वार पडायला कधीकधी बारा तास लागतात. तोवर वासरू उपाशी, वरनं दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा! आधी वासराला पोटभर, मग काय खरवस करायचा तो करा.

आता परत आकड्यांकडं. ३५ किलोचं वासरू, वजनाचा दहावा भाग दूध, म्हणजे दिवसाला साडेतीन लिटर, दोन महिन्यांत झाले दोनशे-सव्वादोनशे. गाय वेतात तीन हजार लिटर देत असेल तर हा सात टक्के हिस्सा, दहा हजार देत असेल तर दोनच टक्के. वासराची भूक तेवढीच, भागाकार बदलला. अमेरिकेत तर वासरांना पाजलेल्या दुधाचा सरकारी आकडा एकूण दुधाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे, कारण तिथं दुधाऐवजी मिल्क रिप्लेसरची पावडर पाण्यात कालवून पाजतात आणि सहा-आठ आठवड्यांत दूध तोडतात.

उलटं उदाहरण युरोपचं. १९७६ साली त्यांच्या गोदामात स्किम पावडर, म्हणजे साय काढलेल्या दुधाची भुकटी, दहा लाख टनांच्या वर साठली होती, तेव्हा पशुखाद्यवाल्यांना ती घ्यायची सक्तीच केली, तीही खाद्य म्हणून जी किंमत होईल तिच्या तिप्पट भावानं. १९७७ मध्ये युरोपच्या कोर्टानं ते रद्द केलं. त्याच युरोपातून मदत म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल विकून आपल्या ऑपरेशन फ्लडला, म्हणजे दूध वाढवायच्या सरकारी योजनेला, १९७० पासून, पैसा उभा राहिला.

आपल्याकडं २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध झालं, महाराष्ट्र पाचवा. सॉर्टेड सीमेन, म्हणजे मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, वापरलं तर दहातल्या नऊ कालवडी व्हायला लागल्यात. गोऱ्ह्याला, रेड्याला दूध पाजायला कुणी राजी नसतं, कालवडीला पाजावंच लागतं, म्हणजे पाजायच्या दुधाची गरज इथून वाढणारच.

गाईच्या दुधाचे दर पडले म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारनं लिटरला आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान दिलं, तेव्हापासून रिप्लेसर परवडतो का हा प्रश्न सारखा येतो. हिशोब सोपा आहे, किलोभर पावडरीचं साधारण सात-आठ लिटर होतं, तेव्हा किलोच्या भावाला साडेसातनं भागा आणि डेअरीच्या दराशी ताडून बघा. पण बॅगेवर प्रथिन कशाचं लिहिलंय तेही वाचा. सोयाचं असेल तर चौथ्या कप्प्यात त्याचं दही लागत नाही आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वासराला ते नीट पचतही नाही. तेवढे दिवस आईचंच दूध पाजा, डेअरीत चार लिटर कमी गेलं तरी.